डाउनलोडचे कांदेपोहे

माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचा डाउनलोड्सचा फोल्डर उघडून बघावा. डेस्कटॉपवर विश्वास ठेवू नये. आल्यागेल्याला दिसतो म्हणून डेस्कटॉप लोक आवरून ठेवतात. तिथे नातवाचा नाहीतर अष्टविनायकांचा फोटो असतो आणि चार चिन्हे शहाण्यासारखी ओळीत उभी असतात. खरा माणूस डाउनलोड्समध्ये सापडतो. तिथे आधार कार्डाच्या प्रती असतात, नावापुढे कंसात एकपासून अकरापर्यंत आकडे घातलेल्या, कारण आधीची कुठे गेली हे शोधण्यापेक्षा नवी उतरवून घेणे सोपे. २०१९ चे वीजबिल असते. सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त असते. आणि या सगळ्यांच्या गर्दीत 'सेटअप' नावाची एक फाइल असते. कशाचा सेटअप, कुठून आला, कुणी आणला, काही पत्ता नसतो. शेजारी 'सेटअप (१)' असतो. म्हणजे पहिल्याने काही झाले नाही म्हणून कुणीतरी तोच पुन्हा आणलेला आहे.

पहिल्याने काही झाले नाही, असे आपल्याला वाटते. डबलक्लिक केले, क्षणभर गोल चक्र फिरले, खिडकी काही उघडली नाही. आपण म्हणतो, फाइल खराब दिसते. फाइल अगदी ठणठणीत असते. तिचे काम झालेले असते.

सोसायटीच्या इतिवृत्तातले ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे, 'सर्वानुमते' लिहायचे की 'बहुमताने' यावर पाऊण तास सभा अडवून धरणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. हेच गृहस्थ सॉफ्टवेअरच्या अटींच्या चाळीस पानांखालचे 'आय ॲग्री' अशा चपळाईने दाबतात की पान पडद्यावर पुरते उमटायच्या आत त्यांची संमती पोचलेली असते. पुढे 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. मधल्या एका पानावर बारीक अक्षरांत विचारलेले असते की सोबत अमुक टूलबार, तमुक ब्राउझर आणि संगणक झटपट करणारे आणखी एक अवजार घालू का? 'हो'ची खूण सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच करून ठेवलेली असते. आपल्याला फक्त नेक्स्ट म्हणायचे असते, आणि त्यात आपण तरबेज.

या सगळ्याचा कळस म्हणजे ती निळी पाटी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक न दिसणारा शिक्का मारून ठेवते. तिच्या ओळखीची नसलेली फाइल चालवायला गेलात की पडद्यावर निळी पाटी येते आणि सांगते, की मी आत्ताच तुमचा संगणक वाचवला आहे. पाटीवर ठळक बटण एकच, चालवू नका असे सांगणारे. 'रन एनीवे' हे दुसरे बटण मुद्दाम दडवलेले असते; 'मोअर इन्फो' या बारीक अक्षरांवर टिचकी मारल्याखेरीज ते दर्शन देत नाही. आमचे दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना चष्म्याशिवाय भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही. हे बटण दिसते.

"दाजी, ते नको म्हणतंय ना?"

"अरे, ते सगळ्यालाच नको म्हणतं. सरकारी खात्यात होतो मी, मला कळतं कुठलं नको खरं असतं."

त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. एखाद्या होतकरू पोराने घरी बसून लिहिलेला निरुपद्रवी प्रोग्रामही याच पाटीवर अडतो, कारण त्याने पैसे भरून डिजिटल सहीचे प्रमाणपत्र घेतलेले नसते. पाटी ओळख विचारते, चारित्र्य नाही. म्हणूनच चारित्र्य तपासण्याची काही वेगळी सोय लागते.

मराठी माणूस अनोळखी फाइली हौसेनेच उतरवतो असेही नाही. पुष्कळदा त्याचा नाइलाज असतो. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याची अक्षरांची मांडणीही वेगळी. त्या काळात टाइप केलेला मजकूर आज उघडावा तर पडद्यावर रोमन अक्षरांची पलटण उभी राहते, कुणाच्या डोक्यावर दोन टिंबे, कुणाच्या पोटात आडवी रेघ. गणपती उठले की दिवाळी अंकवाल्यांचे फोन सुरू होतात.

"अहो, आमच्याकडे १९९८ च्या अंकातली एक झकास कथा आहे, पण सगळी जुन्या फॉन्टात अडकलीय. युनिकोड करून देणारं काहीतरी सापडलंय. टाकू का?"

या 'काहीतरी'त सगळे आले. ते काहीतरी एका झिप फाइलमध्ये असते. झिपला पासवर्ड असतो आणि तो पासवर्ड बाहेरच लिहिलेला असतो: १२३४. कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवण्याचा हा प्रकार भोळेपणाचा नाही. ते कुलूप आपल्यासाठी नसतेच. ते मेलमधल्या आणि संगणकातल्या तपासनिसांसाठी असते. त्यांना पासवर्ड वाचून आत डोकावता येतेच असे नाही, आपल्याला येते. आत एक 'रीड मी' असते. एरवी 'रीड मी' कुणी वाचत नाही, पण हिच्यात पहिलीच सूचना असते: आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करा. आणि ज्या माणसाने जन्मात कुठल्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचली नाही तो ही सूचना मात्र शब्दशः पाळतो.

अशा फाइलींसाठी व्हर्च्युअल मशीन आहे, घाईतल्या लोकांच्या भाषेत व्हीएम. आपल्या संगणकावर एक प्रोग्राम घालायचा. तो आतल्या आत आणखी एक संगणक उभा करतो. या आतल्या संगणकाला स्वतःची विंडोज असते, स्वतःची मेमरी असते, हार्ड डिस्क असते. निदान त्याला तसे वाटते. त्याची चाळीस जीबीची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवर पडलेली एक जाडजूड फाइल असते, त्याचे नेटवर्क कार्ड ही शुद्ध थाप असते आणि त्याचा मॉनिटर म्हणजे आपल्या पडद्यावरची एक खिडकी. आत जाळपोळ झाली तर जळते ती ती एकच फाइल. त्यातही आधी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला असेल तर एका टिचकीत तो संगणक जाळपोळीच्या आधीच्या क्षणाला परत जातो आणि मधले काहीएक त्याला आठवत नाही. माणसांमध्ये ही सोय असती तर निम्मी न्यायालये ओस पडली असती.

ही युक्ती काही चोरांना पकडण्यासाठी निघालेली नव्हती. १९६७ मध्ये आयबीएमच्या केंब्रिजमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या, केंद्रात ती पहिल्यांदा कामाला लागली. संगणक खोलीभर आणि किंमत डोळे फिरवणारी. तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना बसवून प्रत्येकाला 'हे सगळे माझेच' असा भास करून द्यायचा, हा हेतू. १९७२ मध्ये आयबीएमने ती सोय रीतसर विकायला काढली. घरगुती संगणकावर ती यायला १९९९ उजाडले, ते व्हीएमवेअर या कंपनीमुळे. पुढे व्हर्च्युअलबॉक्स आला. तो मुळात एका जर्मन कंपनीचा. २००८ मध्ये ती सन या कंपनीने घेतली, २०१० मध्ये सनला ओरॅकलने घेतले. एवढे मालक बदलूनही त्याचा मूळ भाग फुकट राहिला, याबद्दल मला या व्यवहारातल्या सगळ्याच पक्षांचे कौतुक वाटते. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आतच 'विंडोज सँडबॉक्स' ठेवला आहे. तो उघडला की कोरी करकरीत विंडोज समोर येते, आणि बंद केला की आत जे काही केले ते सगळे कायमचे जाते.

या पायरीपर्यंत येणारे लोक थोडे, आणि त्यातले पुष्कळसे पहिल्याच उंबरठ्यावर परत फिरतात. व्हीएम चालायला संगणकाच्या बायोसमध्ये एक कळ चालू असावी लागते. बायोसमध्ये शिरायला संगणक सुरू होताना कुठल्या कंपनीत एफ-टू, कुठल्या कंपनीत एफ-टेन, कुठे डिलीट असे बटण नेमक्या क्षणी दाबावे लागते, आणि तो क्षण कोणता हे तो गेल्यावरच समजते. मग आठ जीबी मेमरीतली चार आतल्याला द्यायची. दोघेही अर्धपोटी. लॅपटॉपचा पंखा असा काही घोंगावू लागतो की आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "विमान कुठलं गेलं इतकं खालून?"

पण एवढे सोसून उभा केलेला हा बंदिस्त संगणक खरोखर पक्का असतो. नसतो तो आपला निग्रह. व्हीएमच्या मेनूत सोयींची एक यादी असते. बाहेर कॉपी केलेले आत पेस्ट व्हावे? खूण करा. फाइल ओढून आत टाकता यावी? खूण करा. बाहेरचा एखादा फोल्डर आतून दिसावा? खूण करा. यातली प्रत्येक खूण म्हणजे भिंतीला पाडलेले एक भोक, आणि प्रत्येक भोक सोयीचे.

दाजींना कुंडली मांडण्याचे एक फुकट सॉफ्टवेअर मिळाले होते. मी त्यांना रीतसर व्हीएम उभारून दिले, सगळी दारे बंद करून दिली, स्नॅपशॉट कसा घ्यायचा ते कागदावर लिहून दिले. पुढच्या रविवारी गेलो तर आतल्या संगणकात बाहेरची सबंध डी ड्राइव्ह हसतमुखाने बसलेली.

"दाजी, हे काय?"

"अरे, सारखं इकडचं तिकडे काय न्यायचं? एकदाच सगळं देऊन टाकलं. शिवाय मला ते सापडलं हं, तू न सांगता."

न सांगता सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, म्हणून मी आवाज वाढवला नाही. पण आतून चालणाऱ्या प्रोग्रामला डी ड्राइव्ह ही नुसती आणखी एक ड्राइव्ह असते. ती भिंतीपलीकडची आहे हे त्याला ठाऊकही नसते. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा एखादा आत असता तर त्याने व्हीएममधल्या रिकाम्या फोल्डरांपाठोपाठ भाचीच्या लग्नाचे सगळे फोटोही तितक्याच तत्परतेने बंद केले असते. स्नॅपशॉटने आतला संगणक मागे गेला असता. लग्नाचे फोटो गेले नसते मागे. ते फक्त गेले असते.

कॉपी-पेस्टच्या सोयीचेही असेच. बाहेर आपण बँकेचा पासवर्ड कॉपी करतो आणि तो आतल्यालाही दिसू लागतो, न मागता. नेटवर्कचे त्याहून वाईट. व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला 'नॅट' नावाची जी जोडणी देतो ती सुरक्षित असते असा पुष्कळांचा समज आहे. तिच्यामुळे बाहेरच्याला थेट आत शिरता येत नाही, हे खरे. पण आतल्याला बाहेर पडायला कुणाची ना नसते. तो इंटरनेटवर जातो आणि वाटेत घरातला प्रिंटर, मुलाचा लॅपटॉप, वाय-फायवरचा टीव्ही या सगळ्यांची दारे वाजवू शकतो. संशयित फाइल उघडताना आतल्या संगणकाची नेटवर्कची तार काढलेलीच बरी. नुसती एक खूण पुसायची असते. अडचण एवढीच, की हल्लीचे बरेचसे सेटअप हे नुसते निरोपे असतात. खरा माल ते नेटवरून मागवतात. तार काढली की ते मख्खपणे सांगतात, इंटरनेट नाही. मग आपण म्हणतो, पाचच मिनिटे लावू.

आता यातली खरी गंमत. समजा, दाजींनी सगळे नीट केले. दारे बंद, तार काढलेली, स्नॅपशॉट घेतलेला. आत ती फाइल चालवली. कुंडली आली, ग्रह जागच्या जागी बसले, काही वाईट घडले नाही. मग ती निर्धास्तपणे बाहेरच्या खऱ्या संगणकावर घ्यावी का?

कांदेपोह्यांना आलेला मुलगा ताठ बसतो. दुसऱ्यांदा पोहे नको म्हणतो, वाचनाची आवड आहे म्हणतो, मुलीच्या आजीला वाकून नमस्कार करतो. त्या अर्ध्या तासावरून त्याचा अंदाज घेणारे लोक पुढे वीस वर्षे अंदाजच घेत बसतात. बिलंदर फाइलीचे नेमके हेच असते. आपल्याला पाहायला लोक जमले आहेत हे तिला आत शिरताच समजते, आणि मग ती आदर्श वागते.

समजते कसे? ती इकडेतिकडे बघते. नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाची सुरुवात ०८:००:२७ अशी आहे का? म्हणजे हा व्हर्च्युअलबॉक्स. तो आपल्या बनावट कार्डांना हीच सुरुवात देतो. आत त्याच्याच नावाचे ड्रायव्हर मांडून ठेवलेले असतात, तेही दिसतात. प्रोसेसर एकच? डिस्क चाळीस जीबी? असला लॅपटॉप आज कुठल्या दुकानात मिळतो? २००४ मध्ये योआना रुत्कोव्स्का या पोलिश संशोधिकेने दाखवून दिले होते की प्रोसेसरला एकच नेमकी आज्ञा देऊन आपण खऱ्या यंत्रावर आहोत की खोट्या, हे ओळखता येते. तिने त्या प्रोग्रामला 'मेट्रिक्स' चित्रपटातल्या लाल गोळीचे नाव दिले होते. पुढे प्रोसेसर बदलले, ती एक खूण उपयोगाची राहिली नाही, पण बाकीच्या खुणांना तोटा नव्हता. २०१२ मध्ये सापडलेला एक व्हायरस तर माउसचे डावे बटण दाबून सोडेपर्यंत हालचालच करत नसे. तपासणीच्या यंत्रापुढे माणूस बसलेला नसतो, मग बटण कोण दाबणार? काही जण नुसते झोपतात. तपासणी चालते काही मिनिटे. हे अर्धा तास डुलकी काढून उठतात. तपासनिसांनी यावर उपाय म्हणून आतले घड्याळच पळवायला सुरुवात केली, तेव्हा या मंडळींनी बाहेरच्या कुणाला तरी वेळ विचारायला सुरुवात केली.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. यंत्राची तांत्रिक खूण पटवायची गरजच नाही. वापराच्या खुणा बघितल्या की पुरे. माणूस राहतो तिथे पसारा होतो. ब्राउझरचा इतिहास साठतो, काढून टाकलेल्या प्रोग्रामांची भुते विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत राहतात, जुन्या पत्त्यांच्या नोंदी उरतात. तपासणीचा संगणक नको इतका स्वच्छ असतो. त्या स्वच्छतेवरूनच तो ओळखू येतो.

तेव्हा आतला संगणक नांदता वाटला पाहिजे, म्हणून मी दाजींकडे एकदा बसून त्याच्या घराचा देखावा मांडला. प्रोसेसर दोन दिले, डिस्क वाढवली. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)' आणि 'न्यू फोल्डर (४)' केले. तिसरा मुद्दाम गाळला, कारण खऱ्या घरात तो हमखास गेलेला असतो. वर्डमध्ये 'बायोडाटा फायनल', 'बायोडाटा फायनल नवीन' आणि 'बायोडाटा खरा फायनल' या नावांच्या फाइली उघडून बंद केल्या. कधीही न जोडलेला प्रिंटर घातला. ब्राउझरमध्ये साबुदाणा चिकट होऊ नये म्हणून काय करावे, इथपासून महागाई भत्त्यापर्यंत पंचवीस-तीस शोध घेतले. ताईने मागून येऊन पाहिले.

"काय रे, हे कुणाचं एवढं?"

"कुणाचंच नाही. खोटं आहे सगळं."

"मग यांच्या खऱ्यापेक्षा बरं लागलंय की."

मोठ्या तपासनीस कंपन्या हेच काम यंत्राकडून करवतात. ककू नावाची एक फुकट तपासणीची व्यवस्था आहे, २०१० मध्ये गूगलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी उपक्रमातून निघालेली. तिच्यात माणसाचे सोंग करणारा एक खास भाग आहे. तो आत बसून माउस इकडून तिकडे फिरवतो आणि दिसेल ते बटण दाबतो. म्हणजे दृश्य असे, की एक प्रोग्राम आपण माणूस असल्याचे सोंग करतो आहे, दुसरा प्रोग्राम आपण सज्जन असल्याचे सोंग करतो आहे, आणि खरा माणूस चहा टाकायला गेला आहे.

या सोंगाढोंगातली सगळ्यात मोठी फजिती मे २०१७ मध्ये झाली. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर एका दिवसात देशोदेशी पसरला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालये अडली. मार्कस हचिन्स हा बावीस वर्षांचा इंग्रज तरुण तेव्हा रजेवर होता. त्याने वॉनाक्रायची चिरफाड केली तेव्हा त्यात एक भलालांब, अर्थहीन इंटरनेट पत्ता दिसला. पत्ता कुणाच्याच नावावर नव्हता. असे पत्ते आपल्या नावे करून पाळत ठेवायची हा त्याच्या कामाचाच भाग, म्हणून त्याने १०.६९ डॉलर भरून तो घेतला. आणि वॉनाक्रायचा फैलाव थांबला.

कारण हा: आत शिरल्यावर वॉनाक्राय आधी त्या पत्त्याला हाक मारायचा. ओ आली नाही तर कामाला लागायचा, आली तर गुपचूप निघून जायचा. हचिन्सने लावलेला अर्थ असा, की तपासणीच्या बंदिस्त संगणकांमध्ये बाहेरचे जगही खोटेच उभे केलेले असते, आणि ते कुठल्याही पत्त्याच्या हाकेला ओ देते, म्हणजे पाहुण्याने मोकळे व्हावे. तेव्हा जो पत्ता मुळात नाहीच त्याच्याकडून ओ आली, की समजायचे आपल्याला पाहायला लोक जमले आहेत. हुशारी बिनतोड होती, फक्त तो पत्ता खरोखर कुणी विकत घेईल हे धरलेले नव्हते. त्या दुपारपासून पृथ्वीवरचा प्रत्येक संगणक वॉनाक्रायला कांदेपोह्यांचा वाटू लागला, आणि तो जिथे जाईल तिथून नमस्कार करून परत फिरू लागला. संशयी स्वभावाने एवढे मोठे नुकसान गुन्हेगाराचे झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

भिंत फोडून बाहेर पडणारेही असतात, नाही असे नाही. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचे एक भगदाड उघडकीस आले. क्यूईएमयू या, अनेक व्हीएमांच्या पोटात असलेल्या प्रोग्रामात ते २००४ पासून होते, व्हर्च्युअलबॉक्सलाही त्याची बाधा होती, आणि ते होते फ्लॉपी ड्राइव्हमध्ये. आपण खऱ्या फ्लॉप्या केव्हाच भंगारात दिल्या, पण खोट्या संगणकात खोट्या फ्लॉपीचे खोटे यंत्र इमानेइतबारे बसलेले होते, आणि त्यातून खऱ्या संगणकात उतरता येत होते. काही ठिकाणी तर फ्लॉपी काढून टाकली तरी तिचा कोड आत जागाच राहत असे. भगदाड लगोलग बुजवले गेले. अशी भगदाडे दुर्मीळ असतात, ज्याला सापडतात तो ती जपून वापरतो. दाजींच्या कुंडल्यांवर कुणी ती उधळणार नाही. व्हीएमचा प्रोग्राम मात्र अद्ययावत ठेवावा, एवढे त्यातून घ्यायचे.

व्हीएमचा उपयोग नाही अशाही जागा आहेत. आत बसून आपणच कुणाला ओटीपी सांगितला तर तो ओटीपी खराच असतो. स्नॅपशॉट मागे नेला म्हणून बँकेतले पैसे मागे येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या एपीके फाइलीही यातल्याच. २०२४ च्या लग्नसराईत पोलिसांना त्यांच्याबद्दल इशारा काढावा लागला होता. ती पत्रिका फोनमध्ये उघडायची असते, आणि फोनच्या आत दुसरा फोन उभारून पत्रिका बघणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. पत्रिका ही पीडीएफ नाहीतर फोटो असते. तिला 'इन्स्टॉल' करावे लागत असेल तर त्या लग्नाला जाऊ नये.

आणि कधी कधी फाइल अनोळखी नसतेच. जून २०१७ मधला नॉटपेट्या हा युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला. रीतसर विकत घेतलेले सॉफ्टवेअर, त्याच्याच कंपनीकडून आलेले अपडेट. ते कोण व्हीएममध्ये घालून बघणार? त्यात मर्स्क ही जहाज कंपनी जगभर आडवी झाली आणि तिच्याच समूहाकडे असलेले आपल्या न्हावाशेवा बंदरातले टर्मिनलही अडकले. पुढे मर्स्कला आपली यंत्रणा परत उभी करायला एका मुख्य सर्व्हरची शाबूत प्रत हवी होती. ती सापडली घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. आपल्याकडे भारनियमनाबद्दल फार वाईट बोलले जाते.

ज्याला व्हीएम नकोच, त्याने निदान फाइल व्हायरसटोटलवर टाकावी. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा एक फाइल साठ-सत्तर अँटिव्हायरसांना दाखवते आणि त्यांची मते मांडते. मतभेद असतातच. मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांनाही बघता येते, म्हणून मृत्युपत्रे आणि पगारपत्रके तिथे तपासायला नेऊ नयेत.

बाकी ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे त्यांनी 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' असे शोधावे, यादीत खाली 'विंडोज सँडबॉक्स' आहे, तिथे खूण करून संगणक एकदा बंद-चालू करावा. त्यात इंटरनेट आणि कॉपी-पेस्ट सुरुवातीला चालू असते, हे विसरू नये. होम आवृत्तीत सँडबॉक्स नाही, आणि दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा होमच असते. होमवाल्यांनी व्हर्च्युअलबॉक्स घ्यावा. पण तो गूगलवर शोधून पहिल्याच दुव्यावर टिचकी मारून घेऊ नका. लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावाने जाहिराती देऊन हुबेहूब खोट्या पानावर नेणाऱ्या टोळ्या आहेत, आणि फसवी फाइल तपासायचे यंत्र म्हणून फसवी फाइलच घरी यायची. पत्ता व्हर्च्युअलबॉक्स डॉट ओआरजी असा आहे. तो हाताने टाइप करावा.